पोरगं कोयत्या-कट्ट्यापर्यंत जायच्या आधी काय करायचं: सोलापूरच्या गल्लीतल्या मोठ्या माणसांसाठी

हे आईबापांसाठी आहे, शाळेतल्या सरांसाठी आहे, मंडळाच्या दादा लोकांसाठी आणि ग्राउंडवर पोरं सांभाळणाऱ्यांसाठी पण. मी पूर्व भागात संध्याकाळी कबड्डीची पोरं घेतो, अशोक चौक, जोडबसवण्णा चौक, पार विडी घरकुलपर्यंतची पोरं येतात, कुणाची आई विड्या वळते कुणाचे वडील लूमवर, आणि दरवर्षी त्यात दोन-चार पोरं अशी असतातच की त्यांचं स्टेटस बघून पोटात गोळा येतो. "आजकालची पिढी बिघडली" हे भाषण मला जमत नाही आणि त्याचा उपयोग पण नाही, म्हणून करायचं काय तेवढंच सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पोरगं हत्याराच्या हौसेने हत्यार उचलतंय असं फार कमी वेळा असतं, बहुतेक वेळा मागे खुन्नस असते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत होम मैदानावर धक्का लागला, मिरवणुकीत डीजेसमोर नाचताना कुणी ढकललं, इन्स्टावर कुणी आईवरून कमेंट टाकली, एखाद्या पोरीवरून काहीतरी झालं. आपल्याला हे फालतू वाटतं, पण १६ वर्षाच्या पोराला चार मित्रांसमोर माघार घेणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं वाटतं, आणि मग कुणीतरी म्हणतो "सामान आहे माझ्याकडं, बोल कधी जायचंय". अपमान झाला तिथून हल्ला होईपर्यंत मध्ये काही तास असतात, कधी दोन-तीन दिवस. आपलं सगळं काम त्या मधल्या वेळातलं आहे आणि ते काम एवढंच की पोराला इज्जत न घालवता मागे फिरायची वाट काढून द्यायची. बाकी खाली जे लिहिलंय ते सगळं याच्याच आजूबाजूचं आहे.

दुसरं, सगळ्या वस्तीला गुंड समजू नका. अमेरिकेत बोस्टन शहरात १९९० च्या दशकात पोरं पोरांना गोळ्या घालत होती, तेव्हा तिथल्या लोकांनी बसून हिशोब मांडला तर निघालं काय, की शहरातल्या तरुण पोरांपैकी १ टक्क्याहून पण कमी पोरं अशा टोळ्यांत होती आणि तरुणांच्या खुनांपैकी निदान ६० टक्के खून त्यांच्या भांडणांतून होत होते. म्हणजे काम थोड्या पोरांवर आणि थोड्या भांडणांवर करायचं होतं. १९९६ ला त्यांनी ऑपरेशन सीजफायर सुरू केलं, पोलीस, चर्चची माणसं, रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते सगळे त्या ठराविक पोरांना समोर बसवून दोन्ही गोष्टी सांगायचे, गोळी चालली तर सगळ्या टोळीवर कारवाई होणार आणि बाहेर पडायचं असेल तर ही मदत आहे. तरुणांचे खून खूप खाली आले.

आपल्याकडे हे जास्तच लक्षात ठेवायला पाहिजे. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट नावाच्या वस्तीत ठेवलं, तो कायदा १९५२ ला गेला पण सेटलमेंट हे नाव अजून आपल्या तोंडात आहे. तिथल्या पोराने पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते त्याला लहानपणापासून माहीत असतं. अशा पोराला तुम्ही पण संशयानेच बघितलं तर तो तुमच्याकडे कशाला येईल, त्याला "भाई" म्हणून जवळ घेणारा चौकात बसलेलाच आहे की.

मग लक्ष कुठल्या पोरावर ठेवायचं? शाळा सुटलेलं किंवा दहावीला अडकलेलं, घरात रोज मारामारी बघणारं, आधी स्वतः मार खाल्लेलं, ज्याच्या भावाला-मित्राला कुणीतरी मारलंय असं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला काल मारलंय तोच उद्या मारायला जातो. आणि खुन्नस चालू आहे हे कळायच्या खुणा साध्या असतात. स्टेटसला अचानक "वेळ आल्यावर सांगू" टाइपचं काहीतरी येतं आणि नाव नसतं. रोजचा रस्ता सोडून लांबून जातो. खेळायला येतो पण गेटकडे तोंड करून बसतो. मे महिन्यात सोलापूरच्या ४२ डिग्रीत जॅकेट घालून फिरतो, किंवा शर्ट कायम बाहेर, आणि गाडीच्या डिकीला कुणाला हात लावू देत नाही. एकट्या खुणेला अर्थ नाही, हौसेने पण जॅकेट घालतात पोरं, पण दोन-तीन एकत्र दिसल्या की त्याच दिवशी बोलायचं, रविवारी बघू म्हणायचं नाही.

बोलायचं कसं, तर सगळ्यांसमोर अजिबात नाही. घरात आई रडत असताना पण नाही. गाडीवर मागे बसवा, चहा पाजा, शेजारी बसा, समोरासमोर बसलात की पोलीस चौकी वाटते त्याला. माझं आणि एका पोराचं बोलणं साधारण असं झालेलं:

"काय बे, दोन दिवस झालं ग्राउंडला दिसंनास."
"काय नाय अण्णा. काम होतं."
"कुणासंगं झालंय?"
"सोड की अण्णा. बघतो मी."
"बघशील रे तू. किती जणं आहेत?"
"...चार. गाडी आडवी लावली माझ्या. सगळ्यांसमोर चापट मारली."
"लई राग आला असंल."
"झोप येईना अण्णा."

इथं गप्प बसायचं. आपली सवय अशी की लगेच "मग तू काय केलंस", "कशाला गेलास तिकडं", "कायदा माहितीय का", आणि पोरगं तिथंच बंद होतं, कुलूप लावल्यासारखं. झोप येईना म्हणाला म्हणजे अर्धं काम झालं, आता त्याला सगळं ओकू द्या. मग विचारायचं, तुझे दोस्त काय म्हणालेत, कुणाकडे काय सामान आहे, कधीचं ठरलंय. सरळ विचारायचं, आडून नाही. विचारल्याने पोराच्या डोक्यात कल्पना जाते असं काही नसतं, कल्पना आधीच दोस्तांनी घातलेली असते. आणि शेवटी एकच वचन मागा, आज रात्री नाही. कायमचं वचन मागू नका, ते कुणी पाळत नाही. आज रात्री माझ्याकडे जेवायला ये, उद्या सकाळी मी त्या बाजूशी बोलतो, तोपर्यंत मोबाइल बंद.

उद्या सकाळी म्हणालात तर उद्या सकाळीच जायचं. ज्या माणसाचं दोन्हीकडे वजन आहे असा माणूस शोधा. नगरसेवक नको, तो पार्टी बघतो. आमच्याकडे बहुतेक वेळा जुना पैलवान, लूमवरचा मुकादम, कधी रिक्षावाला, एकदा तर शेंगा चटणी विकणाऱ्या मावशी उपयोगी पडल्या कारण दोन्ही घरातली पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली. शिकागोत २००० पासून गॅरी स्लटकिन नावाच्या साथरोगाच्या डॉक्टरने हेच काम पद्धतशीर केलं, आफ्रिकेत टीबी-कॉलऱ्याच्या साथीवर काम करून आलेला माणूस, त्याला दिसलं की गोळीबार पण साथीसारखाच एकाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून त्याने त्याच गल्लीतली, आधी त्याच धंद्यातून बाहेर पडलेली माणसं मध्यस्थ म्हणून नेमली. पोरं साहेबाचं ऐकत नाहीत, जो तिथून जाऊन आलाय त्याचं ऐकतात.

मध्यस्थाने दोघांना लगेच एका टेबलावर बसवून हात मिळवायला लावू नये, हे आपले दादा लोक हमखास करतात, फोटो काढतात, स्टेटसला टाकतात, आणि तिथंच नवीन भांडण सुरू होतं कारण फोटोत एकाची मान खाली दिसते. आधी वेगवेगळं बोला. प्रत्येकाला मित्रांना सांगता येईल असं कारण द्या, "अण्णाने शपथ घातली म्हणून सोडला त्याला, नाहीतर". असं म्हणू दे. फुशारकी मारू दे, तुमचं काय जातंय. काही दिवस दोघांचे रस्ते वेगळे राहतील एवढं बघा, क्लासची वेळ बदला, जमलं तर आठवडाभर मामाकडे बार्शीला नाहीतर अक्कलकोटला पाठवा.

आता शांत दिवसांत करायची एक गोष्ट, ही मला फार आवडते. शिकागोच्याच शाळांतून पोरांच्या गटांसाठी एक कार्यक्रम चालतो, त्यातला हा खेळ आहे. दोघांच्या जोड्या करायच्या, एकाच्या मुठीत बॉल द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं ३० सेकंदात तो काढून घे. मी रबरी बॉल घेऊन केलं. शिट्टी वाजली आणि धुळीत नुसती कुस्ती, बोटं पिरगाळणं, मनगटाला चावणं, एकाचा शर्ट फाटला, बॉल काही निघेना. वेळ संपल्यावर विचारलं की तुमच्यातल्या कुणी नुसतं "दे की बे बॉल" असं मागितलं का. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग समोरच्याला विचारलं, मागितला असता तर दिला असतास का? "दिला असता की अण्णा, बॉलच तर आहे." यानंतर भाषण द्यायचं नाही, पाणी प्या म्हणायचं. तिथल्या अभ्यासात हा कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यातल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, आणि त्यात मुख्य शिकवण एवढीच की हात उचलायच्या आधी एक सेकंद थांबून बघायचं, समोरचा खरंच अंगावर येतोय का.

याच्या उलट एक गोष्ट करू नका, पोरांना जेल दाखवून घाबरवणं. आपल्याकडे पण लोकांना फार सुचतं हे, "एकदा पीआय साहेबांकडून दोन फटके द्या". अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात पोरांना नेऊन कैद्यांकडून घाबरवायचे, टीव्हीवर लई गाजलं ते, आणि नंतर नीट चाचण्या घेतल्या तर अशी पोरं न नेलेल्या पोरांपेक्षा जास्त गुन्हे करताना सापडली. फटके खाल्लेलं पोरगं परत येतं ते भाव वाढवून येतं.

समजा घरात हत्यार सापडलंच. कोयता असेल तर काढून घ्या, गावी शेतात वापरायचा असेल तर तिथं जाऊ दे, पण त्याआधी पोराशी वरचं बोलणं करा, नुसता कोयता काढला आणि खुन्नस तशीच ठेवली तर दुसरा मिळतो. शहरात पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश निघत असतात, त्या काळात कोयता-तलवार घेऊन रस्त्यावर फिरणं हाच गुन्हा होतो, हे पोरांना माहीत नसतं.

पिस्तूल, गावठी कट्टा, जिवंत काडतूस सापडलं तर मात्र स्वतः काही करू नका. हात लावू नका, रिकामं आहे का बघायला उघडू नका, गावठी कट्ट्याचा भरवसा नसतो, तो हातात पण फुटतो. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा, ११२ ला फोन करा. विहिरीत, नाहीतर सिद्धेश्वर तलावात टाकून मोकळं होऊ म्हणणारे पाहुणे भेटतील, त्यांचं ऐकू नका, आणि कपाटात लपवलं तर विनापरवाना बाळगल्याच्या केसमध्ये तुम्ही पण अडकता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या विनापरवाना बंदुकीला सुद्धा शिक्षा २ ते ५ वर्षं आहे. आईबाप इथं घाबरतात, पोराचं आयुष्य बरबाद होईल म्हणून, म्हणून हे नीट वाचा: १८ च्या खालच्या पोराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, आणि तिथं जामीन देणं हा नियम आहे, नाकारायचा तर मंडळाला कारण लिहावं लागतं. वकील परवडत नसेल तर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट मिळतो, फोन १५१००. पण पोरगं १६ पार असेल आणि खुनासारखा गंभीर गुन्हा असेल तर मंडळ तपासून त्याची केस मोठ्यांसारखी चालवायला पाठवू शकतं. म्हणजे कट्टा घरात असताना फोन केलात तर पोरगं वाचतं, तो चालल्यानंतर तुमच्या हातात फार काही राहत नाही.

आणि ते सामान पोराकडे आलं कुठून, हे विचाराच. बऱ्याचदा मोठा माणूस ठेवायला देतो, "तू लहान आहेस, तुला काय होत नाय" म्हणून. लहान पोराला बेकायदा कामाला वापरणाऱ्या मोठ्या माणसाला बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. हे पोराला सांगा, भाईचं प्रेम किती खरं आहे ते त्याला आपोआप कळतं. पोराला पण सांगा की ठेवायला दिलं तर "नाही" म्हणण्यापेक्षा "आमचा बाप रोज माझं कपाट तपासतो" म्हणणं सोपं पडतं. बापाने ही बदनामी सहन करावी.

लायसनची बंदूक घरात असेल, शेतावरची असो नाहीतर सिक्युरिटीच्या नोकरीची, तर बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या पोराला माहीत नसलेल्या जागी. लग्नात हवेत फायर करणाऱ्या मामांना पण सांगा, त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड आहे. यात फक्त भांडणाचा धोका नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात, ब्रेकअप झालेल्या पोराच्या घरात, बंदूक काही दिवस घराबाहेर कायदेशीर ठिकाणी जमा करून ठेवणं सगळ्यात शहाणपणाचं. पोरगं मरायचं बोलत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन लावा, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतं.

वाढदिवसाचं पण बोलूया. चौकात बॉनेटवर केक, तलवारीने कापायचा, रील, खाली "बाप माणूस". आधी हत्यार, मग रील, मग रील बघून दुसऱ्या बाजूचं रील, अशी ती चढाओढ जाते. मंडळाने एक नियम करावा की आपल्या चौकात हत्याराने केक कापला तर त्या वर्षी त्याचा फोटो बोर्डावर लागणार नाही. बोर्डावर फोटो नसणं ही शिक्षा पोरांना पोलीस केसपेक्षा जास्त लागते, खरंच सांगतो.

पोरगं मार खाऊन सिव्हिलला पडलं असेल तर त्या रात्री तिथं जा. टाके पडलेत, औषधाचा अंमल आहे, बाहेर बाकड्यावर दहा दोस्त बसलेत आणि बदला ठरतोय, ती रात्र फार वाईट असते. पोराजवळ आईला बसू द्या, तुम्ही बाहेर दोस्तांत बसा. वडापाव आणा. काही बोलू नका फार, फक्त पहाटेपर्यंत उठू नका.

बाकी राहिलं काम आणि जागा. शिकागोत उन्हाळ्यात पोरांना ८ आठवड्यांची साधी नोकरी दिली तर पुढच्या १६ महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यातल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडे एवढे युनिफॉर्म-गारमेंटचे युनिट आहेत, मे महिन्यात १४ वर वय असलेल्या पोरांना धोका नसलेलं, कायद्यात बसणारं काम द्यायला काय हरकत आहे, पॅकिंग, हिशोब, दुकानात गिऱ्हाईक. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ ला ऑपरेशन परिवर्तन केलं तेव्हा हातभट्टीची गावं अधिकाऱ्यांनी दत्तक घेतली आणि लोकांना दुसरा धंदा लावून दिला, म्हणजे नुसत्या धाडींनी होत नाही हे इथल्या पोलिसांना पण माहीत आहे. आणि फिलाडेल्फियात पडीक प्लॉट साफ करून गवत-झाडं लावली तर गरीब वस्त्यांत गोळीबार २९ टक्क्यांनी कमी झाला. आपल्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या मागे, अंधाऱ्या बोळात, जिथं लाइट नाही तिथं काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, महापालिकेला खांबाचा नंबर लिहून अर्ज द्या, पोच घ्या, लाइट लागेपर्यंत पिच्छा सोडू नका.

रिमांड होममधून पोरगं परत येतं तेव्हा पहिले काही आठवडे जुने दोस्त दारात गाडी घेऊन उभे असतात. तेव्हा तुम्ही आधी पोचा. शाळेत नाव परत घालायला सोबत जा, मुख्याध्यापक नाही म्हणाले तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाचं पत्र आणा, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर विचारा. ग्राउंडवर आला की बाकीच्या पोरांना आधीच दम देऊन ठेवा की कुणी काही विचारायचं नाही. मी तर सरळ कबड्डीत रेडला पाठवतो त्याला, पहिल्याच दिवशी.